सातवं कलम

"हे सातवं कलम," वकीलबाईंनी करारावर पेन्सिल टेकवली, "कुणी घालायला लावलं?"

"सासूबाईंनी," लॉर्ना म्हणाली. "लग्नाच्या आदल्या आठवड्यात."

विस्कॉन्सिनच्या त्या भागात शेतकऱ्याच्या घरी सून येते ती आधी कागदावर सही करूनच. जमीन फुटू नये, गाई वाटल्या जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. कुणी मनाला लावून घेत नाही. लॉर्नानंही घेतलं नव्हतं. सासरच्या टोलफसनांची जमीन तिला नकोच होती. पण सातव्या कलमात लिहिलं होतं की नवरा-बायको वेगळे झाले, तर मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत शेतावर, बापाकडेच राहील. तेव्हा मूलच कुठं होतं? तेविसाव्या वर्षी माणूस कशावरही सही करतं.

मुलगी क्रिस्टन गेल्या शनिवारी अठरा वर्षांची झाली. केक कापून झाला, भांडी घासून झाली, आणि मंगळवारी सकाळी लॉर्ना पन्नास मैल गाडी चालवत या अनोळखी वकीलबाईंकडे आली.

"आता मुदत संपली ना?" तिनं विचारलं. "आता मी घटस्फोट घेतला तर चालेल?"

वकीलबाई जेमतेम तिशीच्या. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "लॉर्ना, मुदत नव्हतीच कधी. जमीन, गोठा, गाई हे करारात लिहिता येतं. मूल लिहिता येत नाही. ते कुणाकडे राहील हे न्यायाधीश ठरवतात, तेही त्या वेळी, मुलाचं भलं बघून. हे कलम पहिल्या दिवसापासून रद्दी होतं."

"पण खाली माझी सही आहे."

"दहा सह्या असत्या तरी."

क्रिस्टन चार वर्षांची असताना लॉर्ना एकदा घर सोडून निघाली होती. नवरा, ड्वेन, अख्खा हिवाळा तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. काही सांगायचं झालं तर तिच्यासमोरच आईला सांगायचा. एक बॅग आणि पोर घेऊन ती डुलुथला बहिणीकडे चालली होती. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर सासूचा, व्हर्नाबाईंचा फोन आला. "तू खुशाल जा गं. पोरीला मात्र तिथंच बसवून ठेव, ड्वेन येतोय न्यायला. कागद आठवतोय ना?" लॉर्नानं तिथूनच गाडी वळवली. संध्याकाळच्या धारांना ती गोठ्यात हजर होती.

आणि पुढची चौदा वर्षं तशीच हजर राहिली. चिडावं की रडावं, तेही आता तिला कळेना.

"हे शेवटचं वाक्य बघा," वकीलबाई म्हणाल्या. "एखादं कलम टिकलं नाही तरी बाकीचा करार टिकेल. ज्यानं लिहिलं त्याला सगळं ठाऊक होतं. कोण हा वकील?"

"ऑरव्हिल हेगी," लॉर्ना म्हणाली. "मी वृद्धाश्रमात कामाला आहे. रोज दुपारी त्यांना मीच भरवते."

त्या दुपारीही ती वेळेवर पोचली. टॉवेल त्याच्या गळ्यात अडकवला, सूपचा वाडगा पुढ्यात ओढला आणि सरळच विचारलं, "ऑरव्हिल, माझ्या करारातलं सातवं कलम आठवतं?"

म्हाताऱ्याचे हात लटपटत, पण डोकं शाबूत होतं.

"व्हर्नाला मी सांगितलं होतं, हे टिकायचं नाही. ती म्हणाली, टिकायला कशाला हवं? सुनेनं वाचलं म्हणजे झालं."

"आणि तुम्ही लिहून दिलंत."

"मी काम तिचं घेतलं होतं, पोरी. तुझं नव्हतं." "दर रविवारी चर्चमध्ये तू मला कॉफी ओतून द्यायचीस. मला वाटायचं, आज विचारेल. विचारलं असतंस तर खरं सांगणार होतो. तू कधी विचारलंच नाहीस."

इतके रविवार गेले, आणि दर वेळी त्या किटलीजवळ उभं राहून तिनं त्याला एवढंच विचारलं होतं, साखर किती घालू?

"सूप निवतंय," तो हळूच म्हणाला.

तिनं चमचा भरला, रोजच्यासारखी फुंकर घातली आणि त्याच्या तोंडाशी नेला. आज चमचा जरा तिरका टेकला. सूप त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. तिनं ते टॉवेलनं गळ्यापर्यंत नीट पुसलं आणि पुढचा चमचा भरला.