मावशींनी लपवलेला वॉकर

मित्रांनो, मला पाय चार, पण कुणी धरल्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. मी एक जुना वॉकर आहे. कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवले, पायांत रबरी बूट चढवले आणि एका औषधांच्या दुकानाबाहेर साखळीने बांधून ठेवले. तेथून मला टेलरमावशींनी घरी नेले.

मावशींचा सारा जन्म शिलाई मशीनवर गेला होता आणि आता गुडघे कामातून गेले होते. गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या कमी भाड्याच्या इमारतीत त्या एकट्या राहत. त्यांनी माझ्या मुठींना फुलाफुलांच्या कापडाची मऊ गादी शिवली. समोरच्या खोलीतले कंडक्टरकाका म्हणायचे, "गाडी झकास सजवलीत की! आता फक्त हॉर्न बसवा." मावशी म्हणायच्या, "बाजूला व्हा, नाहीतर पायावरून नेईन." तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात असे.

पण त्या इमारतीचा एक नियम होता. ज्याला स्वतःच्या पायांनी हिंडता-फिरता येते, त्यालाच खोली. आधार लागू लागला की खोली सोडायची, कारण सांभाळायला तेथे माणसे नव्हती. माणसे नेमण्यापेक्षा म्हातारे बदलणे स्वस्त पडते. म्हणून मॅनेजरबाई तपासणीला येणार असे कळले की मावशी मला काकांच्या दारामागे लपवत. काकांच्या खोलीत बाई कधी शिरत नसत.

एका वर्षी मात्र शिरल्या. भिंतीची ओल पाहायला त्यांनी दार लोटले, तर मागे मी उभा.

"हा कुणाचा? तुमचा?"

काकांच्या तोंडचे पाणी पळाले. 'माझा' म्हटले तर त्यांची खोली जाणार, आणि त्यांना जगात दुसरे छप्पर नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"समोरच्या मावशींचा," ते म्हणाले.

बाई मला तेथेच ठेवून समोर गेल्या. दोन्ही दारे उघडी होती. मला सगळे दिसत होते.

"काय मावशी, कशा आहात? जरा खिडकीपर्यंत चालून दाखवता?"

"अहो, न दाखवायला काय झालं? ठणठणीत आहे मी!"

मावशी ओठ दाताखाली धरून खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"छान! आणखी एकदा?"

मावशी आणखी एकदा गेल्या. पाय लटपटत होते आणि त्या हसत होत्या. मित्रांनो, बाईंना सगळे ठाऊक होते, तरी त्या पाहत उभ्या होत्या. मला चीड आली, रडू आले, पण माझ्या हातात काय होते?

मग बाईंनी हाक मारली, "काका, तो वॉकर आणा जरा इकडे."

काकांनी मला नेले. मावशींनी आधी मला पाहिले, मग काकांना. काका फरशीकडे बघत होते.

"द्या," मावशी म्हणाल्या. "उभं राहवत नाही आता."

महिनाअखेरीस भाचा त्यांना न्यायला आला. त्याचे घर अरुंद जिन्यावरचे, खोली एकच. "मावशी, हे धूड कुठे ठेवायचं? राहू दे इथंच." मावशी माझी मूठ सोडीनात. त्याने त्यांचे एकेक बोट सोडवले, त्यांना पाठीवर घेतले आणि तो निघून गेला.

आता मी इमारतीच्या मुख्य दाराशी असतो. मुठींवरचे कापड बाईंनी फाडून काढले, पायांना नवे रबर बसवले. पाहुणे आले की माझ्यावर हात ठेवून त्या सांगतात, "आमच्याकडे ज्येष्ठांना सगळा आधार मिळतो." मग फोटो निघतात. कंडक्टरकाकांचे गुडघेही आता कुरकुरतात. बाई नसल्या की ते भिंत धरत धरत माझ्यासमोरून जातात, पण मला हात लावत नाहीत.

मित्रांनो, गोष्ट संपताना आमच्यासारख्यांनी 'आमची काळजी घ्या' असे विनवायचे असते. माझे तसे काही मागणे नाही. मला रोज पुसतात. त्या जिन्यावरच्या खोलीत मावशींना कोण उठवून बसवते, तेवढे कुणीतरी जाऊन पाहा.