पानामागची धूळ

कुंडीतल्या नेच्याने विश्रामला "अहो" म्हणून हाक मारली आणि विश्रामने "काय गं?" अशी ओ दिली, तेव्हा हेमांगी पोळी उलटत होती. पोळी करपली नाही.

नेचा परदेशातला, तो तिनेच घरी आणला होता. बाहेरून आलेलं झाड घाटावरच्या रानाला बाधेल का, हे ठरवणं तिचं काम. आधी कुंडीत वाढवून बघायचं, मग राहू द्यायचं की मुळासकट जाळायचं ते सांगायचं. विचारायचे प्रश्न तिला पाठ होते. निगा न राखता जगतो का? जगत होता. आपणहून पसरतो का? तिने खिडकीत ठेवलेला नेचा आता विश्रामच्या उशाशी होता.

"हिला गार वारा सोसत नाही," विश्राम म्हणाला. आपली शाल त्याने कुंडीभोवती गुंडाळली होती.

"आणि मला सोसतो?"

"तू काय, इथलीच."

तो गुणगुणला की नेच्याचे गुंडाळलेले कोंब तान्ह्या मुलाच्या मुठीसारखे हळूहळू सुटत. हेमांगी गुणगुणली की पुन्हा मिटत.

दुपारी नेच्याने उखाणा घेतला.

"घाटावरलं धुकं उंबऱ्याशी थांबतं,
विश्रामरावांच्या नावानं घर माझं नांदतं."

हा हेमांगीने स्वतः रचलेला, लग्नात लाजत घेतलेला उखाणा. विश्राम तेव्हा हसला होता तसाच आत्ताही हसला, आणि चहा टाकायला आत गेला.

पानामागची तपकिरी धूळ म्हणजेच नेच्याचे बीजाणू, बियांसारखेच रुजणारे. कापण्याआधी पानावर पिशवी चढवायची, हे हेमांगी सगळ्यांना बजावत असे. आज तिने पिशवी घेतली नाही. सवतीच्या मुस्काटात मारावी तशी तिने पानांना एक डावीकडून दिली, एक उजवीकडून. धूळ उडाली. मग तिने कात्रीने बुडखाच छाटला आणि अंगणातल्या चुलीत घातला.

विश्राम दोन कप घेऊन बाहेर आला. "कुठं गेली?" तो म्हणाला. हेमांगी मध्येच उभी होती. तो तिच्या पलीकडे बघत होता.

आधीच्यांना हुसकावतो का? एवढा एकच प्रश्न उरला होता.

तिचा तळहात खाजू लागला. आयुष्यरेषेतून हिरवा कोंब वर आला, सुटला.

"अहो," तळहात म्हणाला.

विश्रामने कप खाली ठेवले. तिचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

"इथं होय तू," तो तळहाताला म्हणाला आणि त्यावर शाल पांघरली. शालीचं एक टोक हेमांगीच्या खांद्यावरही आलं.

दुसऱ्या हातातली कात्री तिने खाली ठेवली नाही. तळहात मात्र जरा उजेडाकडे धरला.