खैरुन्निसा टीचरच्या ताटल्या

सौदीतल्या डोंगरावरच्या खमीस मुशैतचे ढग भारी आगाऊ. खिडकी उघडी राहिली की आत शिरतात, सोफ्यावर पसरतात आणि चहा प्यायल्याशिवाय उठत नाहीत. तिथली माकडं तर त्यांच्याही वरची. अभाच्या घाटात गाडी थांबली की बॉनेटवर चढून इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मागतात. हाशमचा इकामा एकदा एका माकडाने निरखून बघितला, फोटो बघितला, हाशमचं तोंड बघितलं आणि मान हलवून परत दिला. हाशम हे शपथेवर सांगतो, तेव्हा शंका घ्यायचं काही कारण नाही.

तर अशा त्या गावातल्या भारतीय शाळेच्या कमिटीत एक जागा रिकामी झाली, आणि हाशमची बायको खैरुन्निसा त्या जागेसाठी उभी राहिली.

खैरुन्निसा मूळची दाभोळची. लग्नाआधी चिपळूणला हायस्कुलात केमिस्ट्री शिकवायची. खमीसला आल्यावर तिने घरच्या डायनिंग टेबलावर शिकवणी सुरू केली आणि गावातली निम्मी पोरं त्या टेबलावर घासून काढली. तिच्या हाताखालून गेलेलं पोर झोपेतसुद्धा मूलद्रव्यं ओळीने म्हणायचं. उसामा नावाचा तिचा जुना विद्यार्थी निकाहाला बसला. काझीसाहेबांनी विचारलं, कबूल आहे का? घाबरलेल्या उसामाने हायड्रोजन, हेलियम सुरू केलं. काझीसाहेब बिचारे निऑन येईपर्यंत थांबले.

आता ही बाई इलेक्शनच्या भानगडीत कशाला पडली? तर त्या शाळेत अकरावी-बारावी होती ती फक्त मुलग्यांची. मुलींची शाळा दहावीला खलास. दहावी झाली की मुलीला विमानात बसवायचं आणि गावी कुणा मावशीकडे, आत्याकडे ठेवून द्यायचं. गेल्या वर्षी सानिया गेली, शबनम गेली. यंदा खैरुन्निसाची अफनान दहावीत होती. रत्नागिरीला खालाने तिच्यासाठी खोली रंगवूनसुद्धा घेतली आणि भिंतीचा फोटो पाठवला. अफनानने ‘सो नाइस’ असं उत्तर लिहिलं आणि ताटावरून उठून गेली. माशाला हात लावला नाही. अफनान माशाला हात लावत नाही म्हणजे काय, हे तिच्या आईला बरोबर कळलं. दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज भरला. कमिटीत एक जरी माणूस मुलींच्या अकरावीसाठी हटून बसला, तर वर्ग निघू शकत होता.

“अगं, पण मतं बापे देतात,” हाशम म्हणाला. तो गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात होता, तेव्हा कुठला भाग कुठे बसत नाही हे त्याला लगेच दिसायचं. “आणि निम्म्या बाप्यांच्या पोरांना तू टेस्टमध्ये भोपळा दिलायस.”

“एका घराला एक मत आहे. आईने द्या नाहीतर बापाने द्या, जो आधी येईल त्याने द्या. नियमात तसंच आहे.”

“नियमात आहे गं. पण आजवर आई आलीय का कोण?”

ते खरं होतं. समोर उभा होता श्रीकांत, नाशिकचा इंजिनिअर, पाण्याच्या प्रकल्पावर मोठा साहेब. माणूस सरळ, पण नियमाचा इतका पक्का की लिफ्टमध्ये एकटा असला तरी रांगेत उभा राहायचा. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून भाषण केलं: शाळेला नवं छप्पर, क्रिकेटला हिरवंगार पिच. बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीकांतची नूपुरही दहावीतच होती, पण ती नाशिकला आजीकडे जाणार, तिथे क्लास चांगले, हे त्याने मनात कधीच ठरवून टाकलं होतं. नूपुरची आई रेखा, तिने काय ठरवलं होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

खैरुन्निसाला भाषण काही जमेना. पहिल्या घरी गेली आणि अकरावीचं महत्त्व मुद्देसूद समजावू लागली. तिसऱ्या मुद्द्याला त्या घरची बाई बसल्याबसल्या पेंगायला लागली. मग दुसऱ्या घरी जाताना तिने बरोबर सांदणं नेली. नारळाच्या दुधात भिजवलेल्या रव्याची, जाळीदार, अशी हलकी की ताटलीवर झाकण ठेवलं नाही तर खमीसच्या वाऱ्यावर उडून थेट जेद्द्याला उतरतील. प्रचार वगैरे तिच्या डोक्यातच नव्हता. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. सांदण खाता खाता बायका बोलायला लागल्या. हिची मुलगी आठवीत, तिची नववीत. सगळ्यांच्या पोटात तोच गोळा.

आणि मग ताटल्या परत यायला लागल्या.

आता आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, ही रीत आपल्याकडेही आहे आणि हैदराबादेतही आहे आणि केरळातही आहे. एका ताटलीतून खुबानीचा मीठा आला, दुसरीतून उन्नियप्पम, तिसरीतून तिळाच्या रेवड्या. फ्रिजचं दार लागेना. हाशमने रोज दुकानात दोन डबे नेले, तरी लागेना. त्याच्या शर्टाचं बटण सुटलं ते समोरच्या बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, काचेवर जाऊन आपटलं. दुकानदार अजून ते बटण दाखवतो.

पण हाशमला त्यातून नाद लागला. तो ताटल्यांवरून इलेक्शनचा अंदाज काढू लागला.

“हे बघ, गोड आलं आणि तेही घरी केलेलं, तर मत पक्कं. तिखट आलं तर काठावर. बाजारची बिस्किटं आली तर गेलं ते मत.”

“अब्बा, दॅट्स सो अनसायंटिफिक,” अफनान म्हणाली. पण शाळेतून आल्यावर आधी ओट्याकडे जाऊन झाकणं उघडून बघायची. “आज सगळं घरचंच आहे! अम्मी, यू आर लीडिंग.”

घरात नुसती धमाल. बेल वाजली की तिघं एकदम दाराकडे धावायचे. खैरुन्निसाच्या चेहऱ्यावर तर शिकवणीतसुद्धा हसू असायचं, त्यामुळे पोरं घाबरली होती. फक्त एक ताटली परत आली नव्हती. रेखाची.

“विरोधी पार्टी ती,” हाशम म्हणाला. “ताटली जप्त.”

“गप बसा. ताटलीचं काही नाही हो. रेखा माझ्याशी तासभर बोलली होती, म्हणून वाटलं.”

आणि तेवढ्यात शाळेतून फोन आला. खैरुन्निसाविरुद्ध तक्रार आली होती. मतदारांना खायला घालते म्हणून. नियमाप्रमाणे तिचा अर्ज बाद होऊ शकत होता. तक्रार करणारा, श्रीकांत.

खैरुन्निसाच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती, कुणाला करू दिली नव्हती, आणि आता तिच्यावरच ठपका. तो सुद्धा सांदणांचा.

गुरुवारी ती शाळेत गेली. मुख्याध्यापक नूरुद्दीन सर सोलापूरचे, इलेक्शनचे अधिकारीही तेच. टेबलापलीकडे ते, अलीकडे दोन उमेदवार.

“व्यक्तिशः माझा राग नाही, टीचर,” श्रीकांत म्हणाला. “पण नियम म्हणजे नियम.”

“मी खायला घातलं नाही, श्रीकांतभाऊ. मी रिकाम्या हाताने गेले नाही.”

“परिणाम तोच.”

नूरुद्दीन सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “काय ओ साहेब, तुमच्या घरी बी आलते का सांदण?”

“आले होते.”

“खाल्ले का तुमी?”

“चवीपुरते.”

“चवीला किती लागले?”

श्रीकांतने खिडकीबाहेर पाहिलं. “चार.”

“सर, मला बोलायचंय,” खैरुन्निसा म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. “मी जेवढं दिलं त्याहून जास्त माझ्याकडे परत आलंय. माझा फ्रिज येऊन बघा. ही लाच असेल तर मतदारांनी मला लाच दिली, असं लिहा. मग कुणाकुणाची नावं कापणार?”

“माझ्या घरून काही आलं नाही ना?” श्रीकांत म्हणाला. “म्हणून तर मी तक्रार करू शकतो. माझं घर स्वच्छ आहे.”

दारावर टकटक झाली. रेखा आत आली. हातात खैरुन्निसाची ताटली, वर विणलेला रुमाल.

“नूपुरला घ्यायला आले तर कळलं टीचर इथेच आहेत,” ती म्हणाली. “सॉरी हो ताई, फार दिवस ठेवून घेतली. चांगला ओला नारळ मिळत नव्हता. आज जेद्द्याहून आला. रिकामी कशी देऊ?”

तिने रुमाल काढला. नारळाच्या वड्या. एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र, केशराची काडी लावलेल्या. त्यांचा वास असा सुटला की व्हरांड्यातले ढगसुद्धा दाराशी येऊन थांबले. रेखाला त्या तक्रारीचं माहीत होतं की नव्हतं, ते तिचं तिला ठाऊक.

श्रीकांत ताटलीकडे बघत राहिला. “रेखा, अगं, तू हे...”

“काय झालं? तुम्हीच म्हणता ना, घेतलेलं परत करावं.”

नूरुद्दीन सरांनी एक वडी उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटले. दोघं उमेदवार वाट बघत बसले.

“आता असं हाय,” सर डोळे न उघडता म्हणाले. “एक तर दोघांचे अर्ज बाद, नायतर दोघांचे पास. आणि बाद करायचं म्हटलं तर अधिकाऱ्यानं बी आत्ताच खाल्लंय. बोला साहेब.”

श्रीकांतने तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला. मग हात पुढे केला. “वडी द्या एक.”

शुक्रवार उजाडला. मतदान सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी संपायचं. आणि शुक्रवारी सकाळी खमीसमधले बापे म्हणजे मेल्यासारखे झोपतात. आठवडाभराची झोप ते त्या एका सकाळी वसूल करतात. त्यात धुकं असं की स्वतःचा हात शोधायला दुसरा हात लागावा.

खैरुन्निसा शाळेच्या फाटकात उभी होती. कुणीच नव्हतं. हाशमसुद्धा घरी घोरत होता, उठवलं तर म्हणाला, पाच मिनिटं. इतक्यात धुक्यातून हॉर्न ऐकू आला. पाठोपाठ श्रीकांतची मोठी पांढरी गाडी बाहेर आली, आणि स्टिअरिंगवर रेखा. ढग इतका दाट होता की तिने काच खाली करून तो हाताने बाजूला सारला होता. दारं उघडली आणि बायका उतरल्या. उतरतच राहिल्या. त्या गाडीत एवढ्या बायका मावल्या कशा, हे गाडी बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्यांना सोडून रेखा परत फिरली, आणखी आणायला. मग लायसन असलेल्या बाकीच्या दोघी-तिघींनीही आपापल्या नवऱ्यांच्या किल्ल्या उचलल्या.

रांग फाटकाबाहेर गेली. प्रत्येकीच्या हातात घरच्या इकाम्याची कॉपी. रांगेत सगळ्यात मागे एक माकडही उभं होतं म्हणतात, पण त्याची पोरं शाळेत नव्हती म्हणून सरांनी त्याला परत पाठवलं.

मतदान संपत आलं तेव्हा हाशमची पिकअप आली. शेजारी श्रीकांत, केस ओले, शर्ट उलटा.

“रस्त्यावर उभा होता टॅक्सी शोधत,” हाशम बायकोला हळूच म्हणाला. “धुक्यात सोडून कसा येणार?”

श्रीकांत धावत टेबलाशी गेला.

“तुमच्या घरचं मत झालं की साहेब,” नूरुद्दीन सर म्हणाले.

“झालं? कुणाला?”

“ते मला कसं कळंल? वहिनींना इचारा.”

श्रीकांत वळला. रेखा पाठीमागेच उभी होती, बोटात गाडीची किल्ली फिरवत.

“अहो, मत गुप्त असतं,” ती म्हणाली. “तुम्हीच नियम सांगता ना.”

मोजणी व्हरांड्यातच झाली. सर चिठ्ठ्या उघडत गेले, आणि खैरुन्निसा, खैरुन्निसा, खैरुन्निसा असं इतक्या वेळा म्हणाले की शेवटी त्यांची जीभ अडकली आणि उरलेली नावं त्यांनी बोट दाखवून सांगितली. अफनानने आईला मिठी मारली ती सुटेना. हाशम रडत होता आणि डोळ्यात धुकं गेलं म्हणून सांगत होता.

श्रीकांत जवळ आला. म्हणाला, “काल नूपुरला विचारलं मी. पहिल्यांदाच विचारलं, टीचर. ती नाही म्हणाली नाशिकला.” त्याने खिशातून टेप काढला, इंजिनिअर माणूस, शुक्रवारीही टेप जवळ. “खोली कुठली धरली आहे अकरावीला?”

“लॅबच्या मागची स्टोअर रूम. पण तिथे मुली मावणार नाहीत असं कमिटी म्हणते.”

“यल्ला, चला, बघू या ना.”

सगळी वरात तिकडे निघाली. सरांनी कुलूप काढलं. मोडके फळे, रंगाचे डबे एव्हाना उठून आलेल्या बाप्यांनी बाहेर काढले. श्रीकांतने लांबी घेतली, रुंदी घेतली, कपाळाला आठ्या घातल्या.

“नुसत्या मापाने नाही कळत. बसवून बघायला पाहिजे.”

मग बायकाच बसल्या. खाली फरशीवर, ओळीने, साड्या, अबाया, सलवारी सावरत, मध्ये बाकाएवढी जागा सोडून. एकमेकींना कोपरं मारत होत्या, हसत होत्या. मागे कुणीतरी रेवड्या काढल्या.

“मागच्या ओळीत काय चाललंय?” खैरुन्निसा म्हणाली. सवयीने म्हणाली. सगळी खोली चिडीचूप.

अफनान नूपुरचा हात धरून आत आली. ओळी बघितल्या, खिडकी बघितली, आणि खिडकीजवळ बसलेल्या रेखापाशी जाऊन उभी राहिली.

“काकू, थोडं सरका ना. इथे आम्ही बसणार आहोत.”