उन्हात फिरणार नाही म्हणजे नाही

मी भिंगरी बोलतेय. खरं तर मी खत पसरायचं यंत्र, पण एवढं लांबलचक नाव घेऊन गोठ्यावर कोण हाक मारणार? वर पत्र्याचं नरसाळं, खाली गरगर फिरणारी तबकडी, म्हणून भिंगरी. मी अडेलतट्टू आहे असं म्हणतात. आहेच. आधी ऐका, मग नावं ठेवा.

एका लोहारानं मला घडवलं आणि थोरल्या मालकांनी घरी आणलं. माणूस तिरसट, पण कामाला चोख. मला भरण्याआधी ते कुरणात वाकून तळवा मातीवर दाबायचे. ओल लागली तर चला, नाहीतर घरी परत. "तापल्या जमिनीवर खत टाकणं म्हणजे वाऱ्याला जेवायला वाढणं," म्हणायचे. काम झालं की मला धुवायचे, तेल लावायचे. खत लोखंड खातं हो, ते पोटात ठेवून निजणं मला परवडत नाही.

थोरले गेले. आता कारभार त्यांच्या मुलाकडे, पण या धाकट्याच्या अंगात घाई फार. गेल्या हंगामात त्यानं मला तशीच खरकट्या तोंडानं शेडमध्ये ढकलून दिलं.

यंदा पावसानं ओढ दिली, कुरण करपायला लागलं. घरात दाणेदार खत होतं ते एका वेळेला पुरेल एवढंच. ते वाया गेलं तर चाऱ्याचे हाल, आणि मग दोन गाई विकायच्या. त्यातली एक सूनबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. शेजाऱ्यानं खत टाकलेलं पाहिलं आणि आमचा धाकटा भर दुपारी मला भरायला लागला.

"अहो, मामंजी आधी हात लावून बघायचे," सूनबाई म्हणाल्या.

"त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं. ट्रॅक्टर आज मिळालाय, उद्या कोण देतंय?"

कुंपणाच्या कडेनं दोन फेऱ्या झाल्या आणि माझी खत सोडणारी खालची झडप अडकून बसली ती बसलीच. तो म्हणाला, गंजली. मी म्हणते, अडले. गंज कुणामुळे चढला, ते तो सोयीस्कर विसरला. हातोड्यानं त्यानं मला असं बदडलं की कूस आत गेली. बदड बाबा, म्हटलं, हात तुझेच दुखतील.

दुसऱ्या दिवशी तो नवी झडप घेऊन आला. पहाटेच्या दवानं कडेचे दाणे विरघळले होते आणि आता वर ऊन तापलं होतं. त्या पट्ट्यात पाऊल टाकताच वाफ होऊन उडणाऱ्या खताचा झणका त्याच्या नाकात गेला, डोळ्यांना धार लागली.

"तुमच्या नाकात जातंय ना, ते गवताच्या पोटात जायचं होतं," सूनबाई म्हणाल्या. "बाकीचं भिंगरीनं धरून ठेवलं म्हणून वाचलं. माझ्या गाईचं दावं मी कुणाच्या हातात देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

तो वाकला, तळवा मातीवर दाबला आणि कोरड्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं मला रिकामं केलं, धुतलं, नवी झडप बसवली.

रिमझिम लागली त्या दिवशी सूनबाईच ट्रॅक्टर मागायला गेल्या. मी सारं कुरण कुरकुर न करता पुरं केलं. आता गाई गवतात पोटापर्यंत उभ्या असतात, विकायच्या होत्या त्या दोन्ही धरून सगळ्या. कडेचा पट्टा तेवढा रोडका राहिला. तिथून जाताना धाकटा मान वळवतो.

माझी कूस अजून आत गेलेलीच आहे. ठोकून सरळ करू का, असं त्यानं विचारलं होतं. सूनबाई नको म्हणाल्या, मीही नकोच म्हणते. ओल्या मातीवर बोलवा, तबकडी झिजेपर्यंत फिरेन. पण तापल्या रानात जुंपाल तर याद राखा. झडप नवी असली तरी तिला मी शिकवून ठेवलंय.