चौकड्यांचा सैल शर्ट

चूक पिस्तुलाची नव्हती, शर्टाची होती, यावर डेल्बर्ट प्रूइट ठाम होता. लेकीच्या डोहाळजेवणाला त्याने वरच्या फळीवरून केकचं ताट काढायला हात उंचावला, शर्ट वर सरकला आणि कमरेला खोचलेलं काळं पिस्तूल नेमकं विहीणबाईंच्या नाकासमोर आलं. ग्रेचेनबाई अशा किंचाळल्या की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. कोरीन, डेल्बर्टची एकुलती एक लेक, तेव्हा पाहुण्यांना केक वाढत राहिली. पाहुणे गेल्यावर मात्र तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, माझ्या घरात हे चालणार नाही. बाळ यायचंय. पुन्हा हे घेऊन आलात तर बाळ तुमच्या हातात देणार नाही, आणि परत बोलावणारही नाही."

बाळ झालं, त्याचं नाव एमेट ठेवलं, ते मान धरायला लागलं, तरी डेल्बर्टने त्याला फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. तो रुसून बसला होता. बायको, नॉर्मा, दोनदा एकटीच कॅन्सस सिटीला जाऊन आली आणि आल्यावर आठवडाभर बाळाशिवाय दुसरं काही बोलेना. डेल्बर्ट ऐकत नसल्यासारखं करायचा आणि एकही शब्द सोडायचा नाही. शेवटी कोरीनने रविवारच्या जेवणाला दोघांनाही बोलावलं, तेव्हा त्याने फोनवर चटकन शब्द देऊन टाकला. पिस्तूल घरी ठेवीन म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंसुद्धा नाही. लेकीला त्रास पिस्तूल दिसण्याचा होता; दिसलं नाही की झालं, असा त्याचा सरळ हिशेब होता.

डेल्बर्टने आयुष्यभर गॅसचा टँकर चालवला होता, मिसूरीतल्या एकेकट्या शेतघरांपर्यंत. त्या साऱ्या वर्षांत पिस्तूल बाहेर काढायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही, आणि हा त्याच्या मते पिस्तुलाचाच प्रताप होता.

तर प्रश्न कपड्यांचा होता, आणि कपड्यांसाठी गावात रॉस्को होता. रॉस्को त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दुकानात पुढे बंदुका विकायचा आणि मागे त्या झाकायचे कपडे.

"अंगाला चिकटणारं कापड अजिबात नको," रॉस्को म्हणाला. "टी-शर्टचं कापड म्हणजे चुगलखोर. जरा वाकलास की सगळं सांगून टाकतं. पांढरा नको, एकरंगी नको. चौकड्या घे, नाहीतर मोठी मोठी फुलं. बघणाऱ्याची नजर त्यात अडकून पडते."

"फुलं? अरे, मी गॅसवाला आहे!"

"होतास. आता आजोबा आहेस. आजोबाला फुलंसुद्धा खपून जातात."

"आणि हे खिशाखिशांचं जाकीट?"

"घाल की. आणि पाठीवर पाटीही लाव, 'माझ्याकडे आहे' म्हणून."

दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं होती. रॉस्को धरून तिघांचेही शर्ट चौकड्यांचे, एक माप मोठे आणि पँटबाहेर सोडलेले. आपल्याकडे काही असेल अशी कुणाला शंकासुद्धा येणार नाही, याची तिघांनाही पक्की खात्री होती. डेल्बर्टने चौथा शर्ट घेतला, निळ्या-करड्या चौकड्यांचा, लांबीला जरा जास्त. पँट कमरेत दोन इंच मोठी घेतली, आतल्या पाहुण्याला जागा हवी म्हणून. पट्टा असा जाड घेतला की त्याने गाय बांधून ठेवता आली असती.

मग घरी आरशासमोर तालीम सुरू झाली. वाकून बघ, हात उंच करून बघ, खुर्चीत बसून बघ. पाठीला आलेला फुगवटा पुढे सरकला, पुढचा उजव्या कुशीत गेला आणि तिथे एकदाचा दिसेनासा झाला. उभ्या जन्मात कपड्यांना इस्त्री न केलेला हा माणूस शर्ट कसा पडतो यावर बोलायला लागला, तेव्हा नॉर्माला तो नातवाचा परिणाम वाटला.

रविवारी सकाळी निघताना तिने विचारलं, "ठेवलंस ना घरी?"

"ठेवलं."

"फिर बघू."

तो फिरला. तिने मागून पुढून निरखून बघितलं, कॉलर नीट केली. "बरा दिसतोयस. लग्नात असा आला असतास तर माझी आई रडली नसती."

बायकोला इतक्या सफाईने फसवता आलं, या आनंदाने डेल्बर्टची छाती फुगली. हा आनंद सांगायचा कुणाला, एवढीच काय ती अडचण होती. गाडी चालवताना वाटभर पिस्तुलाची मूठ त्याच्या कुशीत रुतत होती. पण नटायचं तर टोचणारच, असं स्वतःला बजावत त्याने तेही गोड मानून घेतलं.

कोरीनच्या घरी सगळं अगदी ठरल्याप्रमाणे झालं. लेकीने दारात मिठी मारली, जावयाने, टोबिनने, थंड चहा हातात दिला. ग्रेचेनबाईंची नजर मात्र डेल्बर्टच्या कमरेवरून हलेना. थोड्या वेळाने त्यांनी मुद्दामच विचारलं, "अहो, ते वरचं मोठं भांडं काढून देता का?"

डेल्बर्टने दोन्ही हात वर केले, भांडं उतरवलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. शर्ट जागचा हलला नाही.

"तुम्ही खूप बदललात हो," ग्रेचेनबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं.

"माणसाने काळाप्रमाणे बदलावं," डेल्बर्ट म्हणाला आणि पोटॅटो सॅलड वाढून घेतलं.

जेवण झालं आणि बाळ फिरायला लागलं. आधी नॉर्माच्या मांडीवर, मग ग्रेचेनबाईंच्या, मग टोबिनच्या भावाकडे. जो घेईल तो एमेटला पोटाशी धरायचा, आणि एमेट आनंदाने पाय झाडायचा. डेल्बर्टने ते पाय बघितले, ते नेमके कुठे लागतायत ते बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आरशासमोर त्याने सगळं करून बघितलं होतं, पण बाळ घेऊन बघितलं नव्हतं.

"बाबा, घ्या की," टोबिन बाळ पुढे करत म्हणाला.

"नको, हात चिकट आहेत माझे."

"हे घ्या, पुसा."

"सर्दीसारखं वाटतंय. बाळाला लागेल." मग कुणी काही म्हणायच्या आत त्याने जोडलं, "आणि पाठ धरलीये."

"सकाळी तर ठणठणीत होतास," नॉर्मा म्हणाली. "चार तास गाडी चालवत कशाला आलास मग? सॅलड खायला?"

बाळ पुन्हा ग्रेचेनबाईंकडे गेलं. त्यांची ही दुसरी खेप. डेल्बर्ट भिंतीला टेकून उभा राहिला. रॉस्को म्हणाला होता ते अगदी खरं निघालं. एमेटची नजर त्या निळ्या-करड्या चौकड्यांत अडकली ती अडकलीच. विहीणबाईंच्या खांद्यावरून तो मान वळवून वळवून आजोबाच्या शर्टाकडे बघत राहिला, मग तोंडभर हसला आणि त्याने हात पुढे केले. खोलीतले सगळे डेल्बर्टकडे बघायला लागले. "गाडीची काच उघडी राहिली," असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला. त्याला रडू येत होतं, आणि रडू कुठल्याच शर्टाने झाकता येत नाही.

तो गाडीजवळ पोचतो न पोचतो तोच मागून कोरीन आली.

"तुमची पाठ दुखत नाहीये, बाबा."

"कुणी सांगितलं तुला? आईने?"

"आईला काहीच कळलेलं नाही. मला दारातच कळलं. मिठी मारताना तुम्ही अंग चोरलंत, उजवं कोपर कुशीला घट्ट धरलंत." ती गाडीला टेकली. "लहानपणापासून तुम्ही मला एकाच हाताने जवळ घेता. मला कितीतरी वर्षं वाटायचं, बाप लोक असेच घेतात. मग मैत्रिणीच्या वडिलांना बघितलं."

एवढा खर्च, एवढी तालीम, आणि मुलीने शर्टाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"मग तेव्हाच हाकललं का नाहीस?"

"बघत होते. बाळ पुढे केलं तर तुम्ही घेताय का. घेतलं असतंत ना, तर आज आपलं संपलं असतं. नाही घेतलंत. आज तुम्ही एवढीच एक शहाणपणाची गोष्ट केलीत."

ती पाठ फिरवून उभी राहिली. डेल्बर्टने गाडीत बसून पट्टा सोडला, पिस्तूल म्यानासकट काढून सीटखालच्या पोलादी पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. बाहेर आला तेव्हा पट्टा त्याच्या हातातच होता आणि पाहुणा गेल्यामुळे दोन इंच मोठी पँट खाली घसरायला बघत होती. डाव्या हाताने त्याने ती धरून ठेवली.

"झालं," तो म्हणाला.

"या मग." कोरीनने दोन्ही हात पसरले.

तो पुढे झाला. डाव्या हातातली पँट सोडून तिला जवळ घेतलं मात्र, आणि त्याचं उजवं कोपर, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप कुशीला जाऊन चिकटलं. कोरीन ताडकन मागे सरली. तिचा चेहरा पडला.

"अजून आहे."

"नाही गं. ठेवलं मी."

"बाबा, आता तरी खोटं बोलू नका ना."

"शपथ. खरंच ठेवलं."

पण डेल्बर्ट प्रूइटचं खरं बोलणं आणि खोटं बोलणं एकसारखंच दिसत होतं. त्यावर त्याने फार मेहनत घेतली होती. समोरच्या घरातला म्हातारा गवताला पाणी घालत होता. तो पाइप तसाच धरून बघत राहिला. डेल्बर्टने एका हाताने पँट सावरली, आणि जो शर्ट वर जाऊ नये म्हणून त्याने आरशासमोर एवढी तालीम केली होती तो दुसऱ्या हाताने, भर रस्त्यावर, छातीपर्यंत वर केला. आत त्याचं पांढरं, सुटलेलं पोट होतं. उजव्या कुशीत एक लालभडक वळ होता, आकाराने थेट पिस्तुलाच्या मुठीसारखा, कडेला सोललेला.

कोरीनने वाकून तो वळ नीट बघितला. मग तिने स्वतःच शर्ट खाली ओढला.

"चला आत," ती म्हणाली. "पट्टा बांधा आधी."

सोफ्यावर बसल्यावर तिने एमेटला आणून त्याच्या पोटावर ठेवलं. ग्रेचेनबाईंनी फोटो काढायला फोन पुढे केला. एमेटने चौकड्या मुठीत धरल्या, हुंकार दिला आणि पाय झाडायला सुरुवात केली. टाच नेमकी त्या वळावर बसत होती, पुन्हा पुन्हा. डेल्बर्टच्या डोळ्यांपुढे तारे चमकले, पण चेहऱ्यावर त्याने काही दिसू दिलं नाही. तेवढं त्याला चांगलं जमायचं.