तेलाचे दोन थेंब

अगं, तू फक्त ऐक. मधे काही विचारू नकोस, दुसऱ्यांदा सांगायचं त्राण नाहीये माझ्यात.

तो जुना रोलचा कॅमेरा आठवतोय ना, भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणलेला? पाच महिने सगळ्या सुट्ट्या त्यातच गेल्या. आठवडाभर दुकानात काउंटरमागे उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, आणि सुट्टीला मी टेबलाशी, हातात चिमटा. भिंगातली बुरशी काढली. आतली शटरची पाती, नखाएवढी, एकेक स्पिरिटने पुसून कोरडी केली. ती कोरडीच चालतात गं. थेंबभर तेल लागलं की एकमेकांना चिकटून बसतात, मग संपलं. शेवटी एकदाचा खटका नीट वाजला, मी रोल भरला, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि कामावर गेले.

परत आले तर बाबा दारातच. त्यांचं तुला माहितीये, तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशिनी दुरुस्त केल्या आणि गेल्या वर्षी नारळ मिळाला. तेव्हापासून खुर्ची, खिडकी आणि 'हूं'. आई म्हणते, घरात माणूस आहे की कपाट तेच कळत नाही. तर तेच बाबा, हातात माझा कॅमेरा, चेहरा असा की जणू कारखान्याने परत बोलावलंय.

म्हणाले, "कोरडा ठाक ठेवला होतास. मशिनीच्या तेलाचे दोन थेंब सोडले. आता बघ, लोण्यासारखा चालेल."

मी भिंगातून बघितलं. पाती तेलाने चकाकत होती. खटका दाबला, एकही हललं नाही. मागून आई मानेनेच नको नको करत होती. मग मला आत ओढून कानात म्हणाली, आज दोनदा वाढून घेतलं त्यांनी, वर्षात पहिल्यांदा, तू एक शब्द काढू नकोस.

नाही काढला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीपाशी बसले, काढ म्हणाले फोटो. मी काढले. म्हणजे नुसता खटका दाबत राहिले. आवाज येत नव्हता, पण त्यांचे कान कारखान्याने कधीच खाल्लेत, त्यांना काय कळणार.

मग चार दिवस थापा. रोल धुवायला दिलाय, दुकान बंद आहे, माणूस गावाला गेलाय. रोज दारातच विचारायचे. कामाने नाही दमले एवढी त्या थापांनी दमले.

आणि आज सकाळी चहा घेऊन बाहेर येते तर टेबलावर पेपर अंथरलेला, त्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा कॅमेरा. त्यांच्या नवऱ्याचा, ते गेल्यापासून बंद पडलेला. बाबांनी सगळ्या जिन्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, आता आम्ही कॅमेरेही करतो. भिंग काढून बाजूला, हातात तेलाची कुपी.

मी म्हटलं, "बाबा, त्यात तेल नका घालू."

"का?"

माझी नजर फळीवरच्या माझ्या कॅमेऱ्याकडे गेली. त्यांनीही तिकडे बघितलं.

"म्हणजे तुझाही बिघडलाय."

"हो."

"आणि माझे फोटो?"

निघालेच नाहीत, म्हटलं. त्यांनी कुपीला टोपण लावलं. काकूंचं भिंग परत बसवलं, एकही आटा न चुकता, आणि कॅमेरा माझ्या हातात दिला, देऊन ये म्हणाले.

"पहिल्याच दिवशी सांगायचंस," म्हणाले. "शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं. चार दिवस मला वेडा बनवून बसवलंस खिडकीत."

मग खुर्चीत जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाहीये, तिचं म्हणणं, गप्प राहायला काय झालं होतं. आता तर 'हूं'सुद्धा नाही गं.

तू असतीस तर काय केलं असतंस? त्याच दिवशी दारात सांगून मोकळी झाली असतीस, की आजही गप्प बसून काकूंचा कॅमेरा जाऊ दिला असतास?