अनोळखी प्रेतासाठी उतरलेली हॅट

मी आर्मांची हॅट बोलतेय. हसू नका. फरार माणसाचं डोकं झाकण्यात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली, ते काही थट्टेचं काम नव्हतं.

माझा जन्म फ्रान्सच्या मार्से बंदरातल्या एका कारखान्यात, सशाच्या केसांपासून. आर्मांने दोन पेढ्या लुटल्या होत्या, पण मला मात्र रीतसर विकत घेतलं. "चोरीचा माल मी डोक्यावर घेत नाही," असं तो दुकानदाराला ऐटीत म्हणाला. माणसं तत्त्वं कुठे पाळतील, देव जाणे!

त्याच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती आणि तिचं वर्णन पोलिसांनी भिंतीभिंतीवर चिकटवलं होतं. म्हणून तो बंदरामागच्या गल्ल्यांत लपला आणि मला भुवयांपर्यंत ओढू लागला. तिथेच मासे विकणारी सोलांज त्याला भेटली. ती दिसली की स्वारी मला उचलून अदबीने झुके.

"पुरे झाला थाट, मेल्या! घाल ती आधी, नाहीतर दोघंही आत जाऊ," ती डाफरायची आणि लाजायचीही.

शेवटी दोघांनी बोटीने समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या ओरानला पळून जायचं ठरवलं. ती आधी चढली. तो मागून निघाला.

धक्क्याजवळ एक प्रेतयात्रा आडवी आली. रस्त्यावरच्या सगळ्या पुरुषांनी हॅट काढल्या. आर्मांचाही हात वर गेला. आईचं वळण, दुसरं काय! मी किंचाळले असते, पण हॅटला तोंड कुठलं?

समोर इन्स्पेक्टर फाब्रेग बोडक्या डोक्याने उभा होता. नजरानजर झाली. एकाला पळता आलं असतं, दुसऱ्याला धरता. पण प्रेत जात असताना कोण हलणार? दोघेही गुणी मुलांसारखे उभे राहिले. शेवटची म्हातारी पुढे गेल्यावर फाब्रेग रस्ता ओलांडून आला.

"कोण गेलं हो?"

"ठाऊक नाही, साहेब. तुमच्या ओळखीचं होतं का?"

"छे!" म्हणत त्याने बेड्या घातल्या, त्यांवर स्वतःचा कोट टाकला आणि ऊन लागू नये म्हणून मला आर्मांच्या डोक्यावर ठेवलं.

बोट सुटली. सोलांजने गर्दीत मला ओळखलं आणि आनंदाने हात हलवला. आर्मांचे हात कोटाखाली धडपडत होते. "साहेब, एकदाच हॅट काढू द्या!" फाब्रेग पाइप पेटवत राहिला. तिला दिसला तो नुसता ताठ उभा असलेला माणूस. तिचा हात हळूहळू खाली आला आणि तिने पाठ फिरवली. मला फार वाईट वाटलं.

आर्मां तुरुंगातच वारला. मी तिथल्या कोठारात आहे, कसर लागलेली. ओरानला जाणारं कुणी असेल, तर मासळीबाजारात सोलांजला गाठा. तिला एवढंच सांगा, त्याचे हात बांधलेले होते.